कझिन बेट आणि समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या वसाहती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेशेल्समधील कझिन बेटाविषयी आणि एकूणच उष्ण कटिबंधातील समुद्रपक्ष्यांच्या विणीविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न सेशेल्सच्या सहलीला निघालेल्यांचे आहेत, काही पक्षीनिरीक्षकांचे, तर काही कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांचे. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कझिन बेट कुठे आहे आणि एवढ्याशा बेटाची इतकी चर्चा का होते?

सेशेल्स हा हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या थोड्या दक्षिणेला वसलेला बेटांचा देश आहे. त्यातील प्रालँ या मोठ्या बेटापासून सुमारे २ किलोमीटरवर कझिन हे ग्रॅनाइटच्या खडकाचे छोटे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ ३० हेक्टरांहून कमी आहे आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ७० मीटरवर आहे. पूर्वी तेथे नारळाची लागवड होती. १९६८ मध्ये पक्षीसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलने, हे बेट विकत घेतले. त्याचे तात्कालिक कारण समुद्रपक्षी नव्हते. सेशेल्स वॉर्बलर नावाच्या एका लहानशा वटवट्याचे जगात तिसाच्या आतच पक्षी उरले होते आणि ते सगळे या एका बेटावर होते. १९७५ मध्ये बेटाला विशेष राखीव क्षेत्राचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि १९९८ पासून नेचर सेशेल्स ही तेथील संस्था त्याची व्यवस्था पाहते. वटवट्या वाचला आणि पुढे इतर बेटांवरही नेऊन वसवण्यात आला. त्याच्यासाठी राखलेल्या जंगलात समुद्रपक्ष्यांची वसाहतही बहरली. या यशामागे एक साधी वस्तुस्थिती आहे: कझिनवर उंदीर कधी पोहोचलेच नाहीत. पुढची बरीचशी उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

२. तेथे कोणते समुद्रपक्षी विणीला येतात? सगळे झाडावरच घरटी करतात का?

नाही. सात जातींचे समुद्रपक्षी तेथे वीण करतात आणि त्यांनी बेटाची उभी वाटणीच करून घेतली आहे. छोटा नॉडी (सुरय म्हणजेच टर्नच्या कुळातला गडद रंगाचा पक्षी) पिसोनिया या तेथल्या मूळच्या झाडांवर दाटीवाटीने घरटी करतो. जमिनीवर पडलेली ओली पाने उचलून तो फांदीच्या बेचक्यात ठेवतो आणि ती त्याच्याच विष्ठेने एकमेकांना चिकटतात. तपकिरी नॉडी खडकांवर आणि नारळाच्या झाडांवर जागा शोधतो. पांढऱ्या शेपटीचा ट्रॉपिकबर्ड झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या खोबणीत, थेट जमिनीवर बसतो. माणूस हातभर अंतरावर आला तरी तो ओरडतो, पण जागा सोडत नाही. ब्रायडल्ड टर्न खडकांच्या सावलीत अंडे घालतो. शिअरवॉटर या खुल्या समुद्रावर फिरणाऱ्या पक्ष्याच्या दोन जाती जमिनीखाली बिळे करतात आणि अंधार पडल्यावरच किनाऱ्यावर उतरतात. रात्री त्यांचा रडल्यासारखा आवाज सगळ्या बेटावर ऐकू येतो.

सर्वांत नवलाची तऱ्हा पांढऱ्या टर्नची. तो घरटेच करत नाही. आडव्या फांदीवरच्या गाठीपाशी किंवा सालीतल्या बारीकशा खळग्यात तो एकच अंडे ठेवतो, आणि पालक आळीपाळीने फांदीवर बसून ते उबवतात. पिल्लाचे पाय त्याच्या देहाच्या मानाने मोठे आणि नख्या बळकट असतात. अंड्याबाहेर आल्यापासून ते फांदी घट्ट धरून बसते आणि वाऱ्यापावसातही सहसा सोडत नाही.

३. एवढा मोठा समुद्र असताना हे पक्षी एकाच बेटावर का गर्दी करतात?

समुद्रावर खाता येते, झोपताही येते, पण अंडे घालता येत नाही. त्यासाठी कोरडी जमीन हवी, तीही जमिनीवरचे शिकारी सस्तन प्राणी नसलेली आणि मासळीच्या पट्ट्यापासून उडत जाण्याच्या टप्प्यातली. अशा जागा फार थोड्या असतात. शिवाय यांतील बहुतेक पक्षी मोठे झाल्यावर जन्माच्या बेटाकडेच परततात आणि जिथे आपल्या जातीचे पक्षी आधीपासून आहेत तिथेच उतरतात. त्यामुळे एक बेट उजाड झाले तर तेथील पक्षी शेजारच्या बेटावर जाऊन बस्तान बसवतील, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते.

४. लाखभर पक्षी असतील तर थोडे मेल्याने काय बिघडते?

संख्या मोठी दिसते, पण या पक्ष्यांचा जीवनक्रम संथ असतो. उष्ण कटिबंधातले बहुतेक समुद्रपक्षी एका विणीला एकच अंडे घालतात. वेज-टेल्ड शिअरवॉटर साधारण चार वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो. त्याचे अंडे उबायला सुमारे पन्नास दिवस लागतात आणि पिल्लू उडायला आणखी तीन महिन्यांहून अधिक. काजळी टर्न तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. अशा पक्ष्याच्या दृष्टीने एखाद्या वर्षीची वीण वाया जाणे सोसण्यासारखे असते, पण प्रौढ पक्षी मरणे हे पुढच्या वीस-पंचवीस विणींचे नुकसान असते. म्हणून वसाहत वरवर गजबजलेली दिसत असतानाही आतून पोखरली जाऊ शकते. म्हातारे पक्षी येत राहतात, नवे फारसे तयार होत नाहीत आणि घट ध्यानात येईपर्यंत बरीच वर्षे उलटलेली असतात.

५. उंदीर तर आपल्याकडे घरोघर असतात. बेटावर त्यांची एवढी भीती का?

कारण आपल्याकडचे पक्षी उंदीर, मांजर, मुंगूस, साप यांच्या सोबतीनेच घडले आहेत. दूरच्या बेटांवरचे समुद्रपक्षी तसे घडलेले नाहीत. अंड्यावर बसलेला पक्षी जवळ आलेल्या उंदराला शत्रू म्हणून ओळखत नाही, आणि ओळखले तरी त्याच्याकडे बचावाचा काही उपाय नसतो. काळा उंदीर झाडावर सहज चढतो, त्यामुळे फांदीवरची अंडीही सुरक्षित राहत नाहीत. बिळात तर तो आत शिरून अंडे किंवा लहान पिल्लू खातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्याची वीण वर्षातून अनेकदा होते, समुद्रपक्ष्याची वर्षाला एक. आकाराने लहान पक्ष्यांना आणि बिळात राहणाऱ्या जातींना सर्वाधिक फटका बसतो.

६. मग उंदरांवर उपाय म्हणून मांजरे किंवा घुबडे का सोडत नाहीत?

हा उपाय करून झाला आहे आणि त्याचे परिणाम नोंदलेले आहेत. सेशेल्समध्ये १९४९ च्या सुमारास उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी आफ्रिकेतून गव्हाणी घुबडे आणण्यात आली. ती उंदरांऐवजी पांढऱ्या टर्नच्या मागे लागली, कारण रात्री फांदीवर बसलेला पांढराशुभ्र पक्षी पकडणे त्यांना सोपे होते. अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावर १८१५ नंतर मांजरे पोहोचली आणि रानटी झाली. मुख्य बेटावरची बहुतेक समुद्रपक्ष्यांची वीण त्यांनी संपवली आणि बरेचसे पक्षी जवळच्या खडकाळ सुळक्यापुरते उरले. मोहीम राबवून मांजरे हटवल्यावर २००६ मध्ये बेट मांजरमुक्त जाहीर झाले आणि २०१२ मध्ये तेथील फ्रिगेटपक्ष्यांनी मुख्य बेटावर पुन्हा घरटी केली. एका आगंतुक प्राण्यावर दुसरा आगंतुक सोडणे हा उपाय समुद्रपक्ष्यांच्या बेटावर कधीही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

७. आम्ही सेशेल्सला जाणार आहोत. कझिनवर आमची बोट लावता येईल का?

नाही, आणि हा नियम सर्वांना सारखाच आहे. पर्यटकांची बोट किनाऱ्यापासून दूर थांबते. बेटावरून तेथील कर्मचारी आपली स्वतःची बोट घेऊन येतात, पाहुण्यांना तीत घेतात आणि लाटांवरून वेगाने आणून ती बोट थेट वाळूवर चढवतात. बेटावरची बोट बेटावरच राहते. बंदरात इतर बोटींच्या शेजारी ती रात्रभर उभी राहिली, तर दोरावरून उंदीर चढण्याची शक्यता निर्माण होते. भेट दिवसाच, ठरलेल्या वेळेत आणि मार्गदर्शकासोबत होते. मुक्कामाची परवानगी नाही.

निघण्यापूर्वी पिशवीचे सगळे कप्पे उलटे करून झाडावेत, बुटांच्या तळव्यातली माती आणि मोज्यांना चिकटलेली कुसळे काढावीत. उंदराइतकेच मुंग्या आणि तणांचे बी यांनाही रोखायचे असते. पिवळ्या क्रेझी मुंग्यांनी पॅसिफिकमधील जॉन्स्टन प्रवाळद्वीपावर जमिनीवर वीण करणाऱ्या ट्रॉपिकबर्डना हुसकावले होते. २०१० मध्ये सापडलेल्या या मुंग्या पूर्णपणे संपल्याचे जाहीर व्हायला २०२१ साल उजाडले.

पायवाट सोडू नये, यामागेही कारण आहे. शिअरवॉटरचे बीळ पृष्ठभागापासून फार खोल नसते. सुकलेल्या पानांखाली ते दिसत नाही, पाय पडला की छत खचते आणि आतला पक्षी किंवा अंडे मातीत गाडले जाते. ड्रोनमुळे पक्षी एकदम उठतात आणि उघडे पडलेले अंडे काही मिनिटांतच तापते किंवा शिकाऱ्याच्या तोंडी जाते, म्हणून विणीच्या वसाहतीवर तो उडवू नये.

८. समजा एखादा उंदीर बेटावर उतरलाच, तर तो लगेच पकडता येत नाही का?

वाटते तितके हे सोपे नाही. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी रेडिओ-कॉलर लावलेला एकच उंदीर मुद्दाम एका उंदीरमुक्त बेटावर सोडला होता. सापळे, आमिषे, प्रशिक्षित कुत्री असे सगळे उपाय वापरूनही तो अठरा आठवडे हाती लागला नाही. मध्येच तो उघड्या समुद्रातून ४०० मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला होता. भरपूर अन्न असलेल्या नव्या जागी एकटा उंदीर सापळ्यातल्या आमिषाकडे सहज वळत नाही. म्हणून राखलेल्या बेटांवर मेणाचे ठोकळे ठेवून त्यांवर दातांच्या खुणा आहेत का, आणि शाईच्या पट्ट्यांवर पावलांचे ठसे उमटले आहेत का, हे नियमितपणे तपासतात. काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, पण काहीही न सापडणे हीच त्या कामाची फलश्रुती असते.

९. ज्या बेटांवर उंदीर आधीच आहेत, ती वाचवता येतात का?

येतात, मात्र उंदीर शंभर टक्के गेले तरच. नव्याण्णव टक्के मारून एक जोडी उरली, तर थोड्याच काळात संख्या पूर्ववत होते. सेशेल्समधील बर्ड बेटावरून १९९६ मध्ये आणि फ्रिगेट बेटावरून २००० मध्ये उंदीर नष्ट करण्यात आले. फ्रिगेटवर ते १९९५ मध्येच शिरले होते. बहुधा रक्त गोठू न देणारे विषारी आमिष संपूर्ण बेटावर, हेलिकॉप्टरने किंवा हाताने, एकही कोपरा न सोडता टाकले जाते. स्थानिक पक्ष्यांना धोका असेल तर त्यांना मोहिमेपुरते पकडून पिंजऱ्यात सांभाळतात.

उष्ण प्रदेशातली अडचण वेगळी आहे. पॅसिफिकमधील पाल्मिरा प्रवाळद्वीपावर पहिला प्रयत्न फसला, कारण जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करत होते आणि काही उंदीर नारळाच्या शेंड्यांतून खालीच उतरत नव्हते. खेकड्यांना या विषाचा त्रास होत नाही, पण उंदरांचा वाटा मात्र ते संपवतात. २०११ मध्ये अधिक प्रमाणात आमिष टाकून आणि नारळाच्या शेंड्यांतही ते ठेवून मोहीम पार पडली.

विष वापरणे कोणालाही आवडत नाही, आणि त्याला आक्षेप घेणाऱ्या वाचकांची तळमळ आम्हाला समजते. पण एकदाच केलेली पूर्ण मोहीम आणि दर वर्षी मरणारी हजारो पिल्ले यांत निवड करायची असेल, तर आम्ही मोहिमेच्या बाजूचे आहोत. बेट मुळातच उंदीरमुक्त असेल तर ही वेळच येऊ न देणे शहाणपणाचे आहे (प्रश्न ७ पाहा).

१०. कझिनवर नारळाची झाडे का कमी केली? नारळ तर कल्पवृक्ष आहे.

माणसासाठी तो कल्पवृक्ष आहेच, आणि कोकणातल्या वाचकांना हा निर्णय खटकतो हे आम्ही जाणतो. पण कझिनवरचे नारळाचे बन माणसाने लावलेले होते. पडलेले नारळ दाटीने रुजत राहिले की खाली दुसरे झाड वाढत नाही, आणि नारळाच्या झावळ्यांवर बहुतेक समुद्रपक्ष्यांना अंडे ठेवायला स्थिर जागा मिळत नाही. म्हणून नवी रोपे उपटून मूळच्या पिसोनिया आणि बारतोंडीच्या झाडांना वाव देण्यात आला. बारतोंडी तर आपल्याही किनाऱ्यावर आढळते. जंगल परत आल्यावर छोट्या नॉडीला घरट्यांची जागा आणि वटवट्याला किडे दोन्ही मिळाले.

काजळी टर्नची गरज मात्र याच्या उलट असते. त्याला मोकळी जमीन हवी असते, त्यामुळे बर्ड बेटावर त्याच्यासाठी जागा झाडांपासून मोकळी ठेवावी लागते. कोणती जात राखायची आहे हे ठरल्याशिवाय झाड लावणे किंवा तोडणे, दोन्ही चुकीचे ठरू शकते.

११. पिसोनियाच्या चिकट बिया पक्ष्यांना मारतात असे वाचले. मग ती झाडे का ठेवली?

हे खरे आहे. बियांचे घोस पिसांना इतके चिकटतात की काही पक्ष्यांना उडता येत नाही आणि ते झाडाखालीच मरतात. पण ज्या पक्ष्यांना ते झाड अडकवते, त्यांच्यातल्याच कितीतरी अधिक पक्ष्यांना ते घरट्याची फांदी आणि घरट्याची पानेही पुरवते. शिवाय त्याचे बी एका बेटावरून दुसऱ्यावर पक्ष्यांच्याच अंगाने जाते. हे नाते फार जुने आहे आणि त्यात हस्तक्षेप करण्याचे कारण नाही. वाटेवर घोसात अडकलेला पक्षी दिसला तर तो मार्गदर्शकाला दाखवावा, स्वतः ओढून सोडवू नये, कारण त्यात पिसे उपटली जातात.

१२. सापसुरळ्या आणि खेकडेही अंडी-पिल्ले खातात. त्यांना हटवत का नाहीत?

कारण ते आगंतुक नाहीत. राइटची सापसुरळी ही सेशेल्समधील मोठी जात उंदीर नसलेल्या मोजक्या पक्षीबेटांवरच टिकून आहे. पक्ष्यांच्या चोचीतून निसटलेली मासळी, फुटलेली अंडी आणि मेलेली पिल्ले यांवर ती जगते. म्हणजे पक्षी गेले तर सापसुरळीही जाईल. फ्रिगेट बेटावर २०२० मध्ये एका महाकाय कासवाने नॉडीच्या पिल्लाची सावकाश पाठलाग करून शिकार केल्याचे चित्रीकरण झाले, तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. पण अशी शिकार आणि प्रश्न ५ मधील उंदरांचा उपद्रव एकाच मापाने मोजता येत नाही. स्थानिक शिकारी वसाहतीबरोबर कमी-जास्त होतात, ते वसाहत संपवत नाहीत.

१३. झाडाखाली पिल्लू पडलेले दिसले तर उचलून वर ठेवावे का?

ठेवू नये. ट्रॉपिकबर्डचे पिल्लू मुळातच जमिनीवर वाढते, त्यामुळे ते ‘पडलेले’ नसते. शिअरवॉटरचे मोठे पिल्लू संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन बसते, तेही ठीकच असते. पांढऱ्या टर्नचे किंवा नॉडीचे पिल्लू खरोखर पडले असेल तर काय करायचे हे कर्मचाऱ्यांनी ठरवावे, कारण अनोळखी माणूस घरट्यापाशी पोहोचेपर्यंत आजूबाजूचे दहा-वीस पक्षी उठलेले असतात.

१४. सेशेल्समध्ये टर्नची अंडी खातात आणि ते कायदेशीर आहे, हे खरे का? मग संवर्धन कसले?

खरे आहे. काजळी टर्नची अंडी हा तेथील हंगामी आवडता पदार्थ आहे आणि देनफ या बेटावरून अंडी काढण्याची जुनी पद्धत आहे. सरकार त्यावर मर्यादा घालते. यामागचा तर्क असा की हंगामाच्या सुरुवातीला अंडे गेले तर बऱ्याच माद्या पुन्हा अंडे घालतात. म्हणून वसाहतीच्या ठरावीक भागातून ठरावीक काळापुरतीच अंडी काढायची आणि उरलेला भाग शिवायचाही नाही. हा तर्क मोजणी प्रामाणिक असेल आणि मर्यादा पाळली जात असेल, तोवरच टिकतो. चोरून काढलेल्या अंड्यांचा कोणताही हिशेब राहत नाही. शिअरवॉटरची लठ्ठ पिल्ले बिळातून ओढून नेण्याची चोरटी शिकार हा वेगळाच प्रकार आहे. तेथे त्या वर्षीची वीण पूर्ण बुडते, कारण मोठे झालेले पिल्लू गेल्यावर त्या हंगामात दुसरे अंडे येत नाही. कझिनवर अंडी किंवा पिल्ले, काहीही काढता येत नाही.

१५. पक्षी वाचले तर बेटाला आणि समुद्राला काय मिळते?

खत. पक्षी दूरच्या समुद्रात मासे खातात आणि बेटावर विष्ठा टाकतात. तीतला नायट्रोजन पावसाबरोबर मातीत आणि तेथून प्रवाळखडकांवर उतरतो. हिंदी महासागरातीलच चागोस द्वीपसमूहात उंदीर असलेल्या आणि नसलेल्या बेटांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट होती आणि जमिनीवर पडणारा नायट्रोजन २५१ पट होता. लगतच्या प्रवाळखडकांवरील माशांचे एकूण वजनमान ४८ टक्क्यांनी अधिक आढळले. मासेमारीवर जगणाऱ्या गावांना पक्षीसंरक्षणाचे महत्त्व सांगताना आम्ही सर्वांत आधी हाच अभ्यास पुढे ठेवतो.

१६. बेट नीट राखले की काम संपले, असे म्हणता येईल का?

नाही. बेट म्हणजे केवळ पाळणाघर आहे, अन्न बाहेर समुद्रात आहे. टर्न आणि नॉडी खोल बुडी मारत नाहीत. खालून कुप्यासारखे (ट्यूनासारखे) मोठे मासे लहान मासळीला पृष्ठभागावर ढकलतात, तेव्हाच ती पक्ष्यांच्या चोचीत येते. कुप्यांचा अतिरेकी उपसा झाला तर पक्ष्यांच्या वाट्याची मासळी खालीच राहते. पाणी नेहमीपेक्षा तापलेल्या वर्षी पालकांना दूर जावे लागते आणि फांदीवरची पिल्ले उपाशी मरतात. अशा वेळी बेटावरचा रक्षक काहीही करू शकत नाही. सेशेल्सने २०२० पर्यंत आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग संरक्षित जाहीर केला आहे. त्याचा उपयोग या पक्ष्यांना किती होईल, हे त्या भागातील मासेमारीवर प्रत्यक्ष किती नियंत्रण राहते यावर अवलंबून आहे.

१७. आपल्याकडे अशी बेटे आहेत का?

आहेत. लक्षद्वीपमधील पिट्टी, म्हणजेच पक्षीपिट्टी, हा कवरत्तीजवळचा वस्ती नसलेला वाळूचा आणि प्रवाळाचा चिमुकला तुकडा आहे. काजळी टर्न, मोठा तुरेवाला टर्न आणि तपकिरी नॉडी तेथे वीण करतात. कुप्याची मासेमारी करणारे लक्षद्वीपचे मच्छीमार समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या याच पक्ष्यांवरून मासळीचा थवा ओळखतात. महाराष्ट्रात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, वेंगुर्ला रॉक्सवर, ब्रायडल्ड टर्न वीण करतात आणि तेथील गुहांत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांची पूर्वापार चोरी होत आली आहे. टर्नची वीण मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात होते. खवळलेला समुद्र तेव्हा माणसाला दूर ठेवतो, हे त्यांचे मोठेच संरक्षण आहे. पावसाळ्याआधीचे, समुद्र शांत असतानाचे आठवडे म्हणूनच सर्वांत नाजूक असतात. या बेटांकडे जाणाऱ्या सहलींनी त्या काळात बेटावर उतरू नये, बोटीतूनच दुर्बिणीने पाहावे.

१८. पावसाळ्यात मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर थकलेला समुद्रपक्षी सापडला, तर त्याला परत समुद्रात सोडू का?

सोडू नये. वादळी वाऱ्याने किनाऱ्यावर आलेले बूबी, नॉडी, टर्न किंवा शिअरवॉटर बहुधा उपाशी आणि अशक्त असतात, त्यामुळे लाटेत टाकल्यास ते बुडतात. पाणी पाजू नये, खायला भरवू नये. टॉवेल टाकून पक्षी उचलावा. बूबीची चोच डोळ्याला इजा करू शकते, म्हणून तोंड दूर ठेवावे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. पायात कडे असेल तर ते न काढता त्यावरील आकडे आणि अक्षरे यांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. तो पक्षी कोणत्या वसाहतीतला आहे, हे त्यावरूनच कळते.